वरळीचे अश्मीभूत बेडूक : एका ओळखीचा इतिहास

१

जमिनीतून निघालेल्या अनोळखी हाडाची ओळख पटविणे म्हणजे त्यास नाव देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. नाव देण्यास फार वेळ लागत नाही. ते नाव टिकते किंवा नाही हे ठरण्यास मात्र कधी कधी शंभर वर्षेही अपुरी पडतात. मुंबई बेटावरील वरळीच्या टेकडीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सापडलेले बेडकांचे व कासवांचे जीवाश्म हे याचे बोलके उदाहरण आहे. या प्राण्यांना एकामागून एक नावे मिळाली आणि प्रत्येक नवे नाव हे आधीच्या नावाचे खंडन होते. त्या नावांचा क्रम लावून पाहिला असता पुराजीवविज्ञानाच्या वाटचालीचा एक छोटा पण पुरेसा आलेख हाती येतो. शहर वाढत असता त्याच्या पायाखालचा पुरावा कसा मिळतो व कसा नाहीसा होतो, हेही त्याच आलेखातून दिसते.

वरळीची भूमी मुळात सलग नव्हती. मुंबईच्या सात बेटांपैकी वरळी हे एक बेट. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व मधला सखल प्रदेश जलमय होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या नावाने ओळखला जाणारा बांध घालून हे खिंडार बुजविण्यात आले. त्यानंतर दोन कामे शहरास सतत करावी लागली. एक, सखल भागात साचणारे पाणी व पुढे शहराच्या मोठ्या नाल्याचे पाणी वरळीच्या बाजूने समुद्रात सोडणे. आणि दुसरे, भरावासाठी व बांधकामासाठी टेकड्या फोडून दगड काढणे. चर, नाले आणि खाणी यांमुळे टेकडीचे पोट उघडे पडले. एरवी भूवैज्ञानिकास जो छेद पाहावयास मिळाला नसता तो अशा प्रकारे शहराच्या गरजेने मिळवून दिला.

त्या छेदात दिसलेली रचना थोडक्यात अशी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळाने व्यापला आहे तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला असून भूविज्ञानात त्यास ‘दक्षिण ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दापासून आला आहे. सह्याद्रीच्या उतारांवरील पायऱ्यापायऱ्यांची घडण पाहिली की त्याची सार्थता पटते. लाव्ह्याचे हे लोट एकाच वेळी वाहिले नाहीत. दोन लोटांच्या दरम्यान काही ठिकाणी पुष्कळ काळ गेला, खळग्यांत पाणी साचून तळी झाली, त्यांच्या तळाशी गाळ बसला, काठी वनस्पती वाढल्या आणि पाण्यात प्राणी नांदले. पुढे नवा लोट आला व हे सर्व त्याखाली गाडले गेले. लाव्ह्याच्या दोन थरांत सापडणाऱ्या अशा गाळाच्या खडकास ‘आंतरट्रॅपी’ थर अशी संज्ञा आहे. वरळीचा थर याच प्रकारचा होता. त्यात वनस्पतींचे अवशेष, ‘सायप्रिस’ नावाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांची कवचे, बेडकांचे सांगाडे व कासवांची कवचे मिळाली. यांपैकी बेडकांचे सांगाडे विशेष नवलाचे ठरले. कारण बेडकाची हाडे इतकी नाजूक असतात की ती दगडात सांधेसूद टिकणे ही फार विरळ गोष्ट होय.

२

या बेडकांची वार्ता युरोपातील विद्वानांपर्यंत नेणारे गृहस्थ भूवैज्ञानिक नव्हते. जॉर्ज थॉमस क्लार्क हे स्थापत्य अभियंता होते. मुंबईच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले होते आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आरंभीच्या आखणीतही त्यांचा वाटा होता. शहराची जमीन मोजणाऱ्या या माणसाने मुंबईच्या भूरचनेवर एक टिपण लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेस सादर केले. त्यास जोडून १८४७ साली रिचर्ड ओवेन यांची एक लहानशी पुरवणी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ओवेन हे तुलनात्मक शरीररचनाशास्त्रातील त्या काळचे अग्रगण्य नाव. ‘डायनोसॉर’ या शब्दाचे मूळ असलेली संज्ञा त्यांनीच घडविली. पुरवणीच्या मथळ्यात त्यांनी या जीवाश्मांना ‘बॅट्रॅकोलाइट’, म्हणजे ग्रीक शब्दांच्या आधारे ‘बेडूक-पाषाण’, असे म्हटले आणि जातीस ‘राना पुसिला’ हे नाव दिले.

या नावाचे दोन भाग निराळे पाहिले पाहिजेत. द्विनाम पद्धतीत पहिले पद प्रजातीचे व दुसरे जातीचे असते. ‘राना’ हा बेडूक या अर्थाचा लॅटिन शब्द. ‘पुसिला’ म्हणजे अगदी लहान, चिमुकली. दुसरे पद वर्णनात्मक असून त्याविषयी वाद होण्याचे कारण नव्हते; सांगाडे लहान होते हे कोणासही दिसत होते. खरे विधान पहिल्या पदात आहे. वरळीचा प्राणी ‘राना’ आहे असे म्हणणे म्हणजे युरोपातील व हिंदुस्थानातील डबक्यांत आजही आढळणाऱ्या नेहमीच्या बेडकांच्या गोतात त्यास बसविणे होय. त्या काळी ‘राना’ ही प्रजाती फार सैल अर्थाने वापरली जाई. तेव्हा ओवेन यांच्या नावाचा आशय ‘हा एक लहान बेडूक आहे’ यापलीकडे फारसा जात नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. तरीही नाव छापले गेले की ते पुराव्यासारखे वागू लागते, आणि पुढच्या संशोधकास प्रथम त्याच्याशीच झुंजावे लागते.

३

पुढची झुंज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात झाली. मोराव्हियात जन्मलेले फर्डिनांड स्टोलिच्का या खात्यात पुराजीववैज्ञानिक होते. १८६९ साली खात्याच्या ग्रंथमालेत त्यांनी वरळीच्या बेडकाच्या अस्थिरचनेवर स्वतंत्र टिपण लिहिले व त्यास ‘ऑक्सिग्लॉसस पुसिलस’ असे संबोधिले. ‘ऑक्सिग्लॉसस’ ही आशियातील जिवंत बेडकांची प्रजाती म्हणून तेव्हा मान्य होती. या बदलाचा अर्थ असा, की वरळीचे बेडूक नुसते बेडूक नव्हेत, ते आजच्या आशियाई बेडकांचे जवळचे पूर्वज किंवा भाऊबंद आहेत.

भाषेच्या अभ्यासकास येथे दोन गोष्टी लक्षणीय वाटतील. ‘पुसिला’चे ‘पुसिलस’ झाले ते नव्या शोधामुळे झाले नाही. ‘राना’ हे नाम लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे, तर ‘ऑक्सिग्लॉसस’ पुल्लिंगी; आणि विशेषणाने विशेष्याचे लिंग घ्यावे हा व्याकरणाचा नियम प्राणिनामांनाही लागू आहे. मराठीत ‘चिमुकली बेडकी’ व ‘चिमुकला बेडूक’ म्हणताना जे घडते तेच येथे घडले. दुसरी गोष्ट अर्थासंबंधी आहे. ‘ऑक्सिग्लॉसस’ म्हणजे टोकदार जिभेचा. जीभ हा मांसल अवयव दगडात टिकत नाही. ज्या लक्षणावरून प्रजातीचे नाव पडले ते लक्षण वरळीच्या एकाही नमुन्यात पाहता येण्यासारखे नव्हते! यात स्टोलिच्का यांचा प्रमाद नाही, कारण नाव एकदा रूढ झाले म्हणजे ते खूण म्हणून चालते, व्युत्पत्तीने चालत नाही. परंतु जिवंत प्राण्यांसाठी घडविलेल्या वर्गीकरणात जीवाश्मास बसविताना कोणती अडचण येते हे या नावाने अनायासे दाखविले आहे. जिवंत बेडकांचे वर्गीकरण कातडी, जीभ, बोटांमधील पडदा अशा अवयवांवरून झाले होते; जीवाश्माजवळ हाडांवाचून दुसरे काही नव्हते.

ही अडचण दूर होण्यास बेडकांचे वर्गीकरणच हाडांच्या पायावर नव्याने उभारावे लागले. खांद्याच्या पट्ट्याच्या दोन बाजू मध्यभागी एकमेकींवर सरकतात की घट्ट जुळलेल्या असतात, कण्यातील मणके एकमेकांशी कसे सांधलेले असतात, कमरेच्या मणक्याचे आडवे फाटे गोल असतात की पसरट, अशा लक्षणांना विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्व आले. या कामात अग्रेसर असलेले न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील ग्लॅडविन किंग्सली नोबल यांनी १९३० साली मुंबईच्या जीवाश्म बेडकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मते हा प्राणी ‘राना’ही नव्हता व ‘ऑक्सिग्लॉसस’ही नव्हता. त्यांनी त्याच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’, म्हणजे ‘हिंदी बेडूक’, ही नवी प्रजाती स्थापन केली व तिचे साम्य ऑस्ट्रेलियातील काही बेडकांशी दाखविले.

या साम्याचा परिणाम केवळ नावापुरता नव्हता. ओवेन व स्टोलिच्का यांच्या नावांनी वरळीचे बेडूक उत्तरेकडील, आशियाई गोतात बसत होते. नोबल यांच्या नावाने ते दक्षिणेकडे वळले. मुंबईच्या तळ्यातील चिमुकल्या प्राण्याचे सोयरे समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात कसे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. खंड आपली जागा बदलतात हा व्हेगेनर यांचा सिद्धांत त्या काळी बहुतेक भूवैज्ञानिकांनी स्वीकारला नव्हता. १९६० नंतरच्या दशकात भूपट्टांच्या हालचालीचा सिद्धांत मान्य झाला तेव्हा असा प्रश्न विचारणे सुलभ झाले. नोबल यांचा निष्कर्ष सर्वांनी जसाच्या तसा स्वीकारला असे नाही. चेकोस्लोव्हाकियातील श्पिनार व होद्रोव्हा यांनी १९८५ साली या प्रजातीचा पुन्हा अभ्यास केला, आणि तिचे कुल नेमके कोणते यावर आजही एकमत नाही. प्रजातीचे नाव मात्र टिकले आहे. ते टिकण्याचे कारण असे, की त्यात दावा कमी आहे. ‘हिंदी बेडूक’ एवढेच सांगून ते थांबते व सोयरिकीचा प्रश्न पुढच्या पुराव्यासाठी मोकळा ठेवते.

दरम्यान मुंबईतील नमुन्यांवर येथील संशोधकांनीही काम केले. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९४० साली वरळीच्या टेकडीतील एका निराळ्या जातीचे वर्णन करून तीस ‘इंडोबॅट्रॅकस ट्रिव्हिअ‍ॅलिस’ हे नाव दिले. १९६५ साली वर्मा यांनी वरळी व मलबार हिल येथील जीवाश्म बेडकांविषयी लिहिले आणि ‘मलबारिकस’ ही जाती नोंदविली. मलबार हिल हे नाव शहरातील धनिकांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध. ते एका बेडकाच्या नावात असे कायमचे जाऊन बसले.

४

बेडकांची कथा ज्या क्रमाने गेली जवळजवळ त्याच क्रमाने कासवाचीही गेली. वरळीच्या थरातील कासवाचे वर्णन मुंबईतच झाले. हेन्री जॉन कार्टर हे मुंबईच्या लष्करी सेवेतील शल्यवैद्य असून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस होते. मुंबई बेटाच्या भूविज्ञानावरील त्यांचा विस्तृत निबंध शाखेच्या नियतकालिकात १८५२ साली आला. त्यात त्यांनी कासवास ‘टेस्टुडो लीथिआय’ असे नाव दिले. जातिवाचक पद अँड्र्यू लीथ या डॉक्टरांच्या सन्मानार्थ होते. लीथ यांनी पुढे १८६४ साली मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. शहराची गटारे व दलदल यांची चिंता वाहणारी माणसेच शहराचे जीवाश्म ओळखू लागली होती, ही गोष्ट क्लार्क यांच्याप्रमाणे येथेही दिसते. दक्षिणेतील नद्यांत आजही राहणाऱ्या एका मऊ पाठीच्या कासवासही लीथ यांचेच नाव आहे. तेव्हा एकाच माणसाच्या नावाची दोन कासवे आहेत; एक नदीत जिवंत, दुसरे दगडात.

‘टेस्टुडो’ ही जमिनीवर राहणाऱ्या कासवांची प्रजाती. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७१ साली हे मत सोडून वरळीचे कासव ‘हायड्रॅस्पिस’ या प्रजातीत घातले. ही दक्षिण अमेरिकेतील, मान कवचात सरळ आत न ओढता आडवी वळविणाऱ्या कासवांची प्रजाती होय. आडव्या मानेचे एकही देशी कासव आज भारतात नाही. म्हणजे १८७१ सालीच वरळीच्या एका प्राण्याने दक्षिणेकडील खंडांकडे बोट दाखविले होते. परंतु त्याचा अर्थ लावण्यास लागणारा भूगोल तेव्हा उपलब्ध नव्हता.

ग्रे यांचा निष्कर्षही अर्धाच टिकला. आडव्या मानेच्या कासवांत मुख्यतः दोन मोठे गट पडतात. केलिड गट आज दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथे आढळतो. पेलोमेड्युसिड व त्याच्या जवळच्या कासवांचे वास्तव्य आफ्रिका, मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथे आहे. पोटाकडील कवचात अस्थिफलकांची एक जादा जोडी असणे किंवा नसणे यांसारख्या लक्षणांनी हे गट वेगळे करता येतात. अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९५३ साली हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिविज्ञान संग्रहालयाच्या पत्रिकेत दाखवून दिले, की वरळीचे कासव केलिड नसून पेलोमेड्युसिड आहे. त्यासाठी त्यांनी ‘कार्टरेमिस’ ही प्रजाती निर्माण केली. या नावात पहिले पद कार्टर यांच्या नावापासून व ‘एमिस’ हे कासववाचक ग्रीक पद, असा समास आहे. कार्टर यांनी लीथ यांचे नाव कासवास दिले होते. शंभर वर्षांनी त्याच कासवास कार्टर यांचे नाव मिळाले. प्रथम केलेले वर्गीकरण चुकीचे ठरले तरी ते करणारे दोघेही नावात एकत्र राहिले. नामकरणाच्या शास्त्रात प्राथम्यास जो मान आहे त्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मुंबईच्या कासवांचे प्रकरण एवढ्याने संपले नाही. जोगेश्वरीजवळील अंबोलीच्या दगडखाणीतील आंतरट्रॅपी थरातून आडव्या मानेच्या आणखी एका कासवाची कवटी मिळाली. २००३ साली गॅफनी, साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन ‘संकुचेमिस सेठनाय’ या नावाने केले व तीस बॉथ्रेमिडिडी या आता नामशेष झालेल्या कुलात ठेवले. ही खाण मुंबईच्या उपनगरांच्या वाढीच्या ऐन वाटेवर होती. वरळीच्या टेकडीस जो अनुभव एकोणिसाव्या शतकात आला तोच दीडशे वर्षांनी उत्तरेस काही मैलांवर पुन्हा आला.

५

ओळखीचा आणखी एक भाग नावात दिसत नाही, तो म्हणजे वय. या बाबतीतही मते बदलत गेली. बिरबल साहनी यांनी १९३० नंतरच्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांवरून दक्षिण ट्रॅप हा तृतीय कल्पाच्या आरंभीचा आहे असे प्रतिपादन केले, आणि विल्यम्स यांच्या १९५३ च्या निबंधाच्या शीर्षकात वरळीचे कासव इओसीन युगातील म्हटले आहे. उलट अंबोलीच्या कासवावरील २००३ च्या निबंधाचे शीर्षक त्यास क्रिटेशस कल्पाच्या अखेरीचे मानते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मोजणीत मनोरीच्या व अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीच्या खडकांचे वय सुमारे ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षे निघाले होते. २००५ साली क्रिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या आंतरट्रॅपी थरांतील परागकणांच्या अभ्यासावरून हे थर डॅनियन काळातील, म्हणजे क्रिटेशस कल्प संपल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यातील, ठरविले. दक्षिण ट्रॅपचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. मुंबईचे हे खडक त्यामागून आलेल्या उद्रेकांचे दिसतात.

हे वय स्वीकारले तर वरळीच्या तळ्याचे महत्त्व वाढते. ज्या आपत्तीत डायनोसॉर नाहीसे झाले तिच्या नंतरच्या जगातील हे तळे ठरते. भारताचा भूखंड त्या वेळी मादागास्करपासून केव्हाच सुटला होता, सेशेल्सपासून साधारणतः त्याच सुमारास वेगळा होत होता व आशियापासून अद्याप दूर होता. अशा एकाकी भूमीवर लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये नांदलेले हे प्राणी होत. त्यांचे सोयरे कोठे शोधावयाचे, आशियात की दक्षिणेत, हा प्रश्न त्यामुळे भारतीय प्राणिसृष्टीच्या उगमाचाच प्रश्न बनतो. ओवेन यांना हा प्रश्न पडणे शक्य नव्हते. तरी त्याचे उत्तर शोधावयाचे ते ज्या थराने ओवेन यांना हाडे पुरविली त्याच थराच्या आधारे.

६

तो थर मात्र आता सहजासहजी पाहता येत नाही. विसाव्या शतकात वरळीचे स्वरूप पालटले. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी मुंबईत २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. पुढे टेकडीच्या अंगावर व पायथ्याशी रस्ते, इमारती व कचेऱ्या झाल्या. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे सोपविण्यात आले व जुन्या चाळींच्या जागी उंच इमारतींचे पाये खोदले जाऊ लागले. माणसांना चांगली घरे मिळणे ही गोष्ट जीवाश्मांसाठी थांबवावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक खोल पाया हा एक भूवैज्ञानिक छेदही असतो, आणि तो काही आठवडेच उघडा राहतो. त्या आठवड्यांत तेथे कोणी पाहिले नाही तर काँक्रीट पडल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही.

वरळीच्या इतिहासातून या संदर्भात जी शिकवण मिळते ती नाव देण्याच्या घाईविरुद्ध आहे. ओवेन, स्टोलिच्का, कार्टर व ग्रे यांची वर्गीकरणे बदलली. त्यांची विद्वत्ता कमी होती म्हणून ती बदलली नाहीत. नमुने जपून ठेवले गेले होते, ते कोणत्या टेकडीतून व कोणत्या प्रकारच्या थरातून आले हे लिहून ठेवले होते, आणि वर्णने छापील स्वरूपात उपलब्ध होती, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना चूक सुधारता आली. विल्यम्स यांना १९५३ साली ग्रे यांचे मत खोडता आले ते या साखळीमुळे. ठिकाणाची नोंद नसलेले हाड कितीही सुंदर असले तरी त्याचे वय ठरत नाही. आणि वय ठरले नाही तर मादागास्कर, सेशेल्स व आशिया यांविषयीचा प्रश्नही त्यास विचारता येत नाही.

भू-वारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. कायद्याचा उपयोग आहेच. पण वरळीचे बेडूक वाचले ते कायद्यामुळे नव्हे. गटारांची पाहणी करणाऱ्या अभियंत्याने व शहराच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या कामाच्या जागी निघालेला दगड उलटून पाहिला, त्याची जागा नोंदविली आणि तो जाणकाराकडे पोहोचता केला. पाया खोदणाऱ्या यंत्राशेजारी आज उभे असणारे अभियंतेही तेवढे करू शकतात, व शहरातील महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांनी त्यांच्याशी संबंध ठेवल्यास ते अधिक चांगले करू शकतील. मग त्या दगडातील प्राण्यास कोणते नाव मिळते हा प्रश्न दुय्यम होय. ते नाव बहुधा पुढे बदलेल, आणि बदलता येईल इतका पुरावा मागे राहिला तर त्याची ओळख योग्य मार्गावर आहे असे समजावे.